ब्रेट हार्टचा करार: रेसलर कंपनी निवडतो म्हणजे नेमकं काय निवडतो?

ब्रेट हार्ट आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना आधी ट्रम्प कार्डांवर भेटला, केबलवर नंतर. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती खेळला, किती जिंकला. त्या आकड्यांवर अख्ख्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या. त्यातला ‘किती जिंकला’ हा आकडा सगळ्यात कुचकामी होता, कारण निकाल आधीच ठरलेला असायचा. ज्याच्यावरून खरी झटापट होते ती गोष्ट कार्डावर कधी छापलीच गेली नाही: पठ्ठ्याचा करार कधी संपतो आणि त्यात काय लिहिलंय.

१९९६ च्या शरद ऋतूत ब्रेटचा करार संपत आला होता. कॅनडातल्या कॅल्गरीचा हा माणूस. बाप स्टू हार्ट स्वतः मल्ल, स्वतःची रेसलिंग कंपनी चालवणारा, आणि घराच्या तळघरात पोरांना घाम गाळायला लावणारा. ब्रेट तोवर तीनदा डब्ल्यूडब्ल्यूएफचा चॅम्पियन झालेला होता. मार्चमध्ये रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात शॉन मायकल्सबरोबर तासाभराहून लांबलेली लढत हरून तो विश्रांतीवर गेला, आणि तो घरी असतानाच दोन कंपन्या त्याच्या मागे लागल्या. एक त्याची जुनी, व्हिन्स मॅकमहनची डब्ल्यूडब्ल्यूएफ. दुसरी टेड टर्नरच्या पैशावर उभी असलेली डब्ल्यूसीडब्ल्यू, जिची सूत्रं एरिक बिशॉफकडे होती.

आता पहिलाच प्रश्न पडतो तो असा, की निकाल जर आधी ठरलेला, तर एखाद्या रेसलरसाठी एवढे पैसे मोजायचे कशाला? जिंकणारा तर कंपनीच ठरवते. मग कुणालाही जिंकवा!

तसं चालत नाही. लोक निकालाचं तिकीट काढत नाहीत, माणसाचं काढतात. एखाद्याला चॅम्पियन करणं कंपनीच्या हातात असतं, पण त्याच्यासाठी वीस हजार लोकांनी रात्री घराबाहेर पडावं, हे कंपनीच्या हातात नसतं. ते वर्षानुवर्षं घडत जातं. गोष्ट, चेहरा, चाल, बोलणं, गुलाबी-काळा पोशाख, रिंगकडे येताना पुढच्या रांगेतल्या पोराच्या डोळ्यांवर चढवलेला गॉगल. म्हणून तयार झालेला स्टार दुसऱ्या कंपनीने उचलला की तिला वर्षांची मेहनत एका सहीत मिळते, आणि पहिलीची रचलेली गोष्ट मध्येच तुटते. दोन्हीकडून हिशेब बदलतो. खेळाडू पळवण्याला एवढी किंमत असते ती यामुळे.

शिवाय या धंद्याला वरून लगाम नाही. क्रिकेटला मंडळ आहे, फुटबॉलला संघटना आहेत, खेळाडूने क्लब कधी आणि कसा बदलायचा याचे सगळ्यांना लागू असलेले नियम आहेत. प्रोफेशनल रेसलिंगमध्ये दोन कंपन्यांच्या वर कुणीच नाही आणि रेसलर्सची युनियनही नाही. कायद्याच्या भाषेत बहुतेक रेसलर कंपनीचे नोकरसुद्धा नसतात, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतात. गमतीदार स्वातंत्र्य आहे हे. कुठे लढायचं, कधी लढायचं, कुणाकडून हरायचं आणि कोणतं नाव लावायचं हे कंपनी सांगणार, पण कागदोपत्री तुम्ही स्वतंत्र. म्हणजे त्या माणसाचं संरक्षण करणारी एकच गोष्ट उरते, सही केलेला कागद.

तो कागद तोवर फारसा भरवशाचा नव्हता. डब्ल्यूडब्ल्यूएफची जुनी पद्धत आपल्या व्यावसायिक नाटकातल्या नाइटसारखी होती. प्रयोग झाला, गल्ला जमला, त्यातून तुमच्या वाट्याचे पैसे. गर्दी चांगली तर चंगळ, हॉल रिकामा तर बोंब. दुखापत झाली की उत्पन्न बंद. डब्ल्यूसीडब्ल्यूने इथे बाजार फिरवला. टर्नरचा पैसा होता, त्यामुळे ते वर्षाची ठरीव रक्कम लिहून द्यायला लागले, आणि वर कमी दिवस काम. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांनी ‘नायट्रो’ हा कार्यक्रम डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’च्या समोर, त्याच सोमवारी रात्री लावला. १९९६ मध्ये स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश हे डब्ल्यूडब्ल्यूएफचे दोन तगडे स्टार तिकडे गेले. जुलैत हल्क होगनने तिकडेच खलनायकाचा अवतार घेतला आणि नायट्रोने रॉला मागे टाकलं ते जवळजवळ दोन वर्षं. अशा वेळी ब्रेटही गेला असता, तर मॅकमहनचं दुकान उघड्यावर आलं असतं.

डब्ल्यूसीडब्ल्यूने ब्रेटला वर्षाला सुमारे २८ लाख डॉलर देऊ केले, तीन वर्षांसाठी. मॅकमहनकडे एवढी रोकड नव्हती. त्याने वेगळंच काही पुढे केलं, वीस वर्षांचा करार. पहिली तीन वर्षं रिंगमध्ये, वर्षाला १५ लाख. नंतरची सात वर्षं पडद्यामागे सल्लागार म्हणून, वर्षाला ५ लाख. शेवटची दहा वर्षं नुसतं कंपनीशी नातं राखायचं, वर्षाला अडीच लाख. बेरीज करा: ४५ लाख, अधिक ३५ लाख, अधिक २५ लाख, म्हणजे १ कोटी ५ लाख डॉलर. डब्ल्यूसीडब्ल्यूची बेरीज ८४ लाखांच्या घरात.

वरवर पाहता मॅकमहनचा आकडा मोठा. पण नीट बघा. पहिल्या तीन वर्षांत ब्रेटला डब्ल्यूसीडब्ल्यूपेक्षा ३९ लाख कमी मिळणार होते, आणि राहिलेले ६० लाख पुढच्या सतरा वर्षांत हप्त्याहप्त्याने. वीस वर्षांनी हातात येणारा डॉलर आजच्या डॉलरएवढा नसतो, हे कुठलाही पतपेढीवाला सांगेल. त्यातून दुसरी जोखीम अशी, की वीस वर्षांचा शब्द खरा व्हायचा तर शब्द देणारी कंपनी वीस वर्षं उभी राहायला हवी, आणि देणाऱ्याची दानतही टिकायला हवी.

ब्रेटने मॅकमहनची निवड केली. २१ ऑक्टोबर १९९६ ला रॉमध्ये येऊन त्याने तसं जाहीर केलं. हा निर्णय भाबडा होता असं म्हणणारे बरेच आहेत, मला तसं वाटत नाही. तो तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. या वयाच्या माणसाला उरलेली तीन वर्षं कुठे जास्त पैसे मिळतील यापेक्षा त्रेचाळिसाव्या वर्षानंतर आपलं काय, हा प्रश्न मोठा असतो. रेसलरला पेन्शन नसते. मॅकमहनने नेमकी ती दुखरी नस पकडली होती.

त्याच करारात एक छोटं कलम होतं. ब्रेट कंपनी सोडून जायला निघाला, तर शेवटच्या तीस दिवसांत त्याच्या पात्राचं काय करायचं यात त्याला ‘वाजवी’ प्रमाणात सर्जनशील अधिकार राहील. इंग्रजीत याला क्रिएटिव्ह कंट्रोल म्हणतात. हे कलम का हवं असतं ते समजलं की या धंद्याचं अर्धं राजकारण समजतं.

रेसलिंगमध्ये जुना रिवाज आहे: जाणाऱ्याने हरून जायचं. तुम्हाला कंपनीने मोठं केलं, आता निघताना ते मोठेपण मागे राहणाऱ्या कुणाला तरी देऊन जा. ज्याच्याकडून हराल तो तेवढा मोठा होतो. रिवाज रास्तच आहे. पण त्यात कंपनीच्या हातात एक हत्यारही येतं. निघालेल्या माणसाला तीन आठवडे रोज कुणाकडूनही, कसंही चितपट करून घेतलं, त्याची टर उडवली, तर तो दुसऱ्या कंपनीत पोचेपर्यंत त्याची किंमत निम्मी झालेली असते. म्हणून मोठे स्टार कलम घालून घेतात, की मी हरेन, पण कसा, कुठे आणि कुणाकडून यात माझं म्हणणं चालेल. होगनच्या डब्ल्यूसीडब्ल्यूतल्या करारातही असा अधिकार होता, आणि त्याने तो इतका मनसोक्त वापरला की त्यापुढे ब्रेटचं कलम अगदीच गरीब वाटतं.

दुसरं कलम नावाचं. स्कॉट हॉल डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये ‘रेझर रेमन’ होता आणि नॅश ‘डिझेल’. ही नावं कंपनीच्या मालकीची. मे १९९६ मध्ये हॉल साध्या कपड्यांत प्रेक्षकांतून उठून नायट्रोच्या रिंगमध्ये चढला, तेव्हा त्याने आपलं नाव घेतलंच नाही. मी कोण ते तुम्हाला माहीत आहे, एवढंच म्हणाला. नाव न घेताही त्याची चाल आणि बोलण्याची ढब तीच राहिली, म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफने कोर्टात दावा ठोकला. पुढे तर मॅकमहनने कमालच केली. नावं आपली आहेत ना, मग दुसरी दोन माणसं रेझर आणि डिझेल म्हणून उभी करू! लोकांनी ती तोतयेगिरी धुडकावून लावली. त्यातला तोतया डिझेल म्हणजे ग्लेन जेकब्स, जो पुढे ‘केन’ म्हणून गाजला.

नावाचं हे प्रकरण आडनावापर्यंतही जातं. रेसलर कोडी रोड्स २०१६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच नंतरचं नाव) सोडून बाहेर पडला, तेव्हा ‘रोड्स’ लावण्याचा हक्क कंपनीकडे होता. त्याचे वडील डस्टी रोड्स हे अमेरिकन रेसलिंगमधलं केवढं तरी मोठं नाव, आणि पोराला ते लावता येईना. चार वर्षं तो नुसता ‘कोडी’ म्हणून लढला. २०२० मध्ये समझोता झाला तेव्हा आडनाव परत मिळालं. ब्रेटची ही अडचण नव्हती, तो जन्मापासूनच हार्ट.

१९९७ च्या सप्टेंबरमध्ये मॅकमहनने ब्रेटला सांगितलं, की कंपनीची आर्थिक अवस्था नाजूक आहे, ठरलेले पैसे वेळेवर देणं जमेलसं दिसत नाही, तू पुन्हा डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोल. वीस वर्षांचा करार, वर्षही पुरं झालं नव्हतं. ब्रेट बोलला. या वेळी डब्ल्यूसीडब्ल्यूचा आकडा वर्षाला साधारण २५ लाख. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे १ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या आत, त्याने तिकडे होकार कळवला आणि ते तीस दिवसांचं कलम जागं झालं.

अडचण अशी होती की चॅम्पियनशिपचा पट्टा अजून ब्रेटकडेच होता. ऑगस्टमध्ये अंडरटेकरला हरवून त्याने तो घेतला होता. मॅकमहनच्या डोक्यात डिसेंबर १९९५ चं भूत बसलेलं: डब्ल्यूडब्ल्यूएफची महिला चॅम्पियन अलुंड्रा ब्लेझ नायट्रोवर गेली, आपलं आधीचं रिंगणातलं नाव मदुसा लावून, आणि थेट प्रक्षेपणात डब्ल्यूडब्ल्यूएफचा पट्टा कचऱ्याच्या पिंपात टाकला. ब्रेटने तसं करणार नाही असं सांगितलं. कुणाकडूनही हरायलाही तो तयार होता. फक्त मायकल्सकडून नाही, आणि कॅनडात तर नाहीच. दोघांचं वैर रिंगबाहेरही खरं होतं, आणि त्या वर्षीच्या कथानकात ब्रेट हा अमेरिकेत खलनायक आणि कॅनडात राष्ट्रवीर होता. लढत नेमकी मायकल्सशी आणि नेमकी माँट्रियलमध्ये, ९ नोव्हेंबरला.

ठरलं असं, की मारामारीत लढत निकालाविना मोडायची, आणि पट्ट्याचं दुसऱ्या दिवशी बघू. त्या काळात ब्रेटवर माहितीपट चालू होता, त्याच्या कपड्यांत माइक होता, त्यामुळे मॅकमहनशी झालेलं हे बोलणं ध्वनिमुद्रित आहे. मॅकमहनने होकार भरला होता.

लढतीत एक जागा अशी होती, की मायकल्सने ब्रेटचाच डाव ब्रेटवर लावायचा. शार्पशूटर. उताण्या पडलेल्या माणसाचे पाय एकमेकांत अडकवून त्याला पालथं करायचं, आणि त्याच्याकडे पाठ करून मागे रेलायचं. कंबर मोडल्यासारखी दिसते. ठरल्याप्रमाणे ब्रेट त्यातून सुटणार आणि डाव उलटवणार होता. मायकल्सने पाय अडकवले, ब्रेट पालथा झाला. त्याच्याकडून शरणागतीची खूण नाही, तोंडातून शब्द नाही. रेफरी अर्ल हेबनरने घंटेसाठी हात केला. रिंगच्या कडेला मॅकमहन स्वतः उभा, घंटा वाजवा म्हणून ओरडत. घंटा वाजली, मायकल्सचं गाणं सुरू झालं. ब्रेट मायकल्सच्या पायाला धरून डाव उलटवायच्या बेतातच होता. हेबनर बाहेर तयार असलेल्या गाडीच्या दिशेने पळत सुटला.

ब्रेट मॅकमहनच्या तोंडावर थुंकला. हवेत बोटाने डब्ल्यूसीडब्ल्यूची तीन अक्षरं काढली. नंतर ड्रेसिंग रूममध्ये मॅकमहनला खरा ठोसा बसला, कुणी लिहून न दिलेला. माझ्या मते त्या रात्रीची निकाली कुस्ती ती एवढीच.

करारात कलम असून हे झालं कसं? कारण कलम ‘वाजवी’ अधिकाराचं होतं, आणि वाजवी काय हे रविवारी रात्री ठरवायला कोर्ट उघडं नसतं. निकाल जाहीर झाला की झाला. टीव्हीवर लाखोंनी पाहिलेली हार कुठलाही न्यायाधीश पुसू शकत नाही. कागदाची ताकद भरपाईपुरती असते, घडून गेलेलं तो उलटवत नाही. हे कळायला ब्रेटला फार महागात पडलं.

आणि पुढे काय झालं ते तर कुठल्याही लेखकाला रचता आलं नसतं. माँट्रियलमुळे लोक मॅकमहनवर एवढे चिडले की त्याने त्या चिडीचंच पात्र केलं, दुष्ट मालक ‘मिस्टर मॅकमहन’. स्टीव्ह ऑस्टिन हा रेसलर विरुद्ध मालक या भांडणावर डब्ल्यूडब्ल्यूएफ सावरली, आणि एप्रिल १९९८ मध्ये रॉने नायट्रोला मागे टाकलं. तिकडे ब्रेट डब्ल्यूसीडब्ल्यूत पोचला, तेव्हा जगातला सगळ्यात चर्चेतला रेसलर तोच होता, पण त्याचं काय करायचं हे त्यांना सुचेना. तिकडचा जागतिक पट्टा त्याला मिळाला नोव्हेंबर १९९९ मध्ये, जवळजवळ दोन वर्षांनी. महिन्याभरात एका लढतीत गोल्डबर्ग या रेसलरची लाथ डोक्यात बसून मेंदूला इजा झाली आणि कारकीर्द संपली. पुढल्या ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूने त्याचा करार रद्द केला.

मार्च २००१ मध्ये मॅकमहनने डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतली, ५० लाख डॉलरच्याही आत. ब्रेटच्या दोन वर्षांच्या पैशांत अख्खी कंपनी! म्हणजे १९९६ मध्ये ब्रेटचा अंदाज एका बाबतीत बरोबर होता. वीस वर्षं टिकणारी कंपनी त्याने अचूक ओळखली होती. शब्द पाळणारा माणूस मात्र ओळखता आला नाही.

त्या खरेदीतली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नॅश, गोल्डबर्ग, स्टिंग यांच्यासारख्यांचे भक्कम करार टर्नरच्या मूळ कंपनीशी होते, आणि ते महागडे करार मॅकमहनने घेतले नाहीत. त्यामुळे डब्ल्यूसीडब्ल्यू मेल्यावरही ही मंडळी घरी बसून पैसे घेत राहिली. करारावर समोरच्याची सही कुणाच्या नावाची आहे, याला एवढी किंमत असते.

त्यानंतर जवळजवळ अठरा वर्षं अमेरिकेत मॅकमहनच्या तोडीचं दुसरं दुकानच नव्हतं, त्यामुळे ‘मी मोकळा आहे’ या धमकीत दम नव्हता. २०१९ मध्ये टोनी खानने एईडब्ल्यू ही नवी रेसलिंग कंपनी काढली. त्याचे वडील शाहिद खान, पाकिस्तानातून अमेरिकेत आलेले अब्जाधीश, त्यामुळे पाठीशी पुन्हा खोल खिसा. तेव्हापासून दर काही महिन्यांनी अमक्याचा करार संपतोय अशी बातमी येते आणि चाहते आकड्यांवर अंदाज बांधू लागतात.

अशा बातमीत आधी एक गोष्ट बघावी: करार संपला की माणसाला काढलं? डब्ल्यूडब्ल्यूईने मुख्य संघातल्या कुणाला मुदतीआधी सोडलं, तर साधारणपणे ९० दिवस पगार चालू राहतो आणि तेवढे दिवस दुसरीकडे लढता येत नाही. तीन महिने पडद्याबाहेर राहिलं की बाजारातली हवा बरीच निघून जाते. उलट मुदत आपसूक संपली, तर दुसऱ्या दिवसापासून माणूस मोकळा. डीन अँब्रोजने हेच केलं. नवा करार नाकारला, ३० एप्रिल २०१९ पर्यंत वाट पाहिली आणि २५ मे रोजी एईडब्ल्यूच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात गर्दीतून चालत आला, पुन्हा आपलं जुनं नाव लावून, जॉन मॉक्सली म्हणून. दुखापतीत गेलेले महिने करारात मागून जोडून घेण्याचा हक्कही कंपन्या राखून ठेवतात, त्यामुळे चाहत्यांनी कॅलेंडरवर खूण केलेली तारीख पुष्कळदा खोटी ठरते.

बाकीच्या गोष्टी त्या त्या माणसाच्या घरात शिरल्याशिवाय कळत नाहीत. इंग्लंडचा विल ऑस्प्रे जपानमध्ये मोठा झाला. २०२३ मध्ये त्याने एईडब्ल्यूशी करार केला, तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूईचा दरवाजाही उघडा होता. पण इंग्लंडमधलं घर सोडून कुटुंबासह अमेरिकेत जाऊन राहायची त्याची तयारी नव्हती. ब्रायन डॅनियलसनला डब्ल्यूडब्ल्यूईत मानाचं पान होतं, तरी २०२१ मध्ये तो गेला, कारण त्याला बाहेरच्या, विशेषतः जपानच्या रेसलर्सशी लढायचं होतं. आणि कोडी रोड्स तर एईडब्ल्यूच्या उभारणीतला माणूस, तो उलट दिशेने निघाला. एप्रिल २०२२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत परतला तेव्हा त्याचं आडनाव, बाहेर कमावलेलं बिरुद, प्रवेशाचं गाणं, सगळं तसंच ठेवून घेतलं त्यांनी. आधीच्या खेपेला त्याच कंपनीने त्याचं तोंड रंगवून त्याला ‘स्टारडस्ट’ केलं होतं. दोन वर्षांनी, रेसलमेनियाच्या चाळिसाव्या वर्षी, वडिलांना कधीच न मिळालेला तो पट्टा त्याच्या कमरेला होता, आणि निवेदक ओरडत होता ते नाव होतं कोडी रोड्स.